पहिली चूक कोणाच्या पोटात?

जानेवारी २०२५ मध्ये एका बातमीने देशभरातील विज्ञानप्रेमींचे लक्ष वेधून घेतले. गुरुग्राम येथे बसलेल्या शल्यचिकित्सकांनी भारतीय बनावटीच्या यंत्रमानवाच्या साहाय्याने, जवळपास तीनशे किलोमीटर दूर असलेल्या जयपूरमधील रुग्णाच्या हृदयावर शस्त्रक्रिया केली होती. बातमी अभिमानाची होती आणि तिचे कौतुक झाले ते योग्यच झाले. मात्र त्याच दिवशी देशातील एखाद्या शिक्षण-रुग्णालयात कोणी निवासी डॉक्टर आयुष्यात प्रथमच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे अवजार हातात धरत असेल. त्या हाताने आधी कशावर सराव केला होता, किती केला होता आणि तो पुरेसा झाला हे कोणी ठरवले होते, याची बातमी कधी होत नाही. माझ्या मते भारतीय शल्यविद्येपुढचा अधिक मोठा प्रश्न हाच आहे.

माझे म्हणणे आधीच मांडलेले बरे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील प्राथमिक हस्तकौशल्य रुग्णाच्या पोटात शिकण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही. ते पोटाबाहेर, एका साध्या पेटीत शिकता येते, मोजता येते आणि त्याची परीक्षा घेता येते. जो नवशिका ती परीक्षा उत्तीर्ण झालेला नाही, त्याच्या हाती रुग्णाच्या पोटात शिरणारे अवजार देऊ नये. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त आणि त्यासाठी राखून ठेवलेला वेळ.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आधी थोडे यंत्रशास्त्र सांगतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोटाची भिंत वर उचलली जाते. मग पाच ते दहा मिलिमीटरच्या छिद्रांतून नळ्या बसवून त्यांतून दुर्बीण आणि लांब दांड्याची अवजारे आत घातली जातात. पोटाची भिंत हा त्या दांड्याचा टेकू ठरतो, म्हणजे अवजार ही एक तरफ होते. परिणामी हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते आणि हात वर उचलला की टोक खाली जाते. एवढेच असते तर सवयीने जमले असते. पण अवजार जितके आत सरकवावे तितका टेकूच्या अलीकडचा भाग लहान आणि पलीकडचा मोठा होतो. म्हणजे हाताच्या त्याच हालचालीने टोक किती सरकेल, याचे गुणोत्तर क्षणोक्षणी बदलत राहते. हाताचा सूक्ष्म कंपही त्याच प्रमाणात वाढून दिसतो.

त्यात भर म्हणजे डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे. शल्यचिकित्सक पडद्याकडे पाहत असतो आणि तो पडदा सपाट असतो. दोन डोळ्यांमुळे आपल्याला सहज मिळणारी खोलीची जाणीव तेथे मिळत नाही. छाया, आकार आणि हालचाल यांवरून मेंदूला ती नव्याने बांधावी लागते. बोटांच्या टोकांना मिळणारा स्पर्श नळीतील घर्षणात हरवतो. मनगट पोटाबाहेर राहते, त्यामुळे आतले टोक मनगटासारखे वळत नाही. आणि ज्या दुर्बिणीतून सर्व काही दिसते ती दुसऱ्याच कोणाच्या हातात असते, बहुधा चमूतील सर्वांत कनिष्ठ डॉक्टरच्या. त्याचा हात थोडा फिरला तरी पडद्यावरील क्षितिज तिरके होते.

या अडचणी हाताच्या आणि डोळ्यांच्या सवयीच्या आहेत. शरीररचनेचे पुस्तक कितीही पाठ असले तरी त्या सुटत नाहीत. सायकल शिकण्यासारखेच हे आहे. वाचून तोल सावरत नाही.

आणखी एक फरक लक्षात घेतला पाहिजे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत गुरू आणि शिष्य यांचे हात एकाच जखमेत असतात. शिष्य चुकू लागला तर गुरू त्याचा हात धरू शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शिष्याच्या हाती अवजार दिल्यावर गुरूजवळ मुख्यतः शब्दच उरतात. ‘थोडे वर घ्या, अजून, थांबा’ हे ऐकून ते हातापर्यंत पोहोचेपर्यंत जो अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात विजेच्या हुकाने नको त्या ठिकाणी भाजलेले असू शकते. ‘वरिष्ठ शेजारी उभे असतातच’ या आश्वासनाची मर्यादा ही आहे.

याची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये केली. पुढच्या काही वर्षांत ही पद्धत वणव्यासारखी पसरली. लहान जखम, कमी वेदना आणि लवकर घरी, हे फायदे इतके उघड होते की रुग्णच तिची मागणी करू लागले. अनुभवी शल्यचिकित्सक एक-दोन दिवसांचे अभ्यासवर्ग करून परतत आणि लगेच शस्त्रक्रिया सुरू करत. मुख्य पित्तनलिकेला होणाऱ्या इजांचे प्रमाण या काळात वाढले. उघड्या शस्त्रक्रियेत हजारात एक-दोन असणारी ही इजा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्याच्या कित्येक पट झाली.

ही इजा किरकोळ नसते. यकृतातून पित्त वाहून नेणारी मुख्य नळी कापली गेली, तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करून आतडे यकृतातील नलिकेला जोडावे लागते. त्यानंतरही वारंवार ताप, कावीळ आणि जंतुसंसर्ग यांचे चक्र वर्षानुवर्षे मागे लागू शकते. जो माणूस दोन दिवसांत घरी जाणार होता, त्याचे उरलेले आयुष्य रुग्णालयाच्या फेऱ्यांत जाते.

अमेरिकेतील ५५ शल्यचिकित्सकांच्या ८,८३९ शस्त्रक्रियांचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पित्तनलिकेच्या इजांपैकी ९० टक्के इजा त्या-त्या शल्यचिकित्सकाच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांमध्ये झाल्याचे दिसले. गणिती अंदाजानुसार पहिल्या शस्त्रक्रियेत इजेची शक्यता १.७ टक्के होती, तर पन्नासाव्या शस्त्रक्रियेत ०.१७ टक्के. म्हणजे दहापट फरक. ध्यानात घ्या, हे सारे पदवीधर, अनुभवी शल्यचिकित्सक होते. त्यांचे ज्ञान कमी नव्हते. त्या विशिष्ट तंत्राला त्यांचे हात आणि डोळे नवे होते.

या आकड्यांना इंग्रजीत एक सौम्य नाव आहे, ‘लर्निंग कर्व्ह’. आपण त्याला शिकण्याची वक्ररेषा म्हणतो. आलेखावर ती सुबक दिसते. पण तिच्या वरच्या टोकावरचा प्रत्येक बिंदू हा एक माणूस असतो. भारतात तो माणूस कोण असतो, हे विचारायला हवे. सशुल्क रुग्णालयात रुग्ण डॉक्टर निवडतो आणि निवडलेल्याच डॉक्टरने शस्त्रक्रिया करावी अशी अपेक्षा ठेवतो. नवशिके शिकतात ते बहुतांशी सार्वजनिक रुग्णालयांच्या सर्वसाधारण कक्षांत. तेथे येणारा रुग्ण रोजंदारीवरचा मजूर असतो, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणारी बाई असते. संमतिपत्रावर त्यांची सही किंवा अंगठा घेतला जातो. आज अवजार कोणाच्या हाती असणार आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. शिक्षण-रुग्णालये नसतील तर उद्याचे शल्यचिकित्सक घडणार नाहीत, हे मान्यच आहे. परंतु जी चूक पेटीत करता आली असती, ती गरिबाच्या पोटात होऊ देणे याला शिक्षण म्हणता येणार नाही.

आता उपायाकडे वळू. गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष होते. एक पेटी घ्यायची, तिच्या झाकणाला छिद्रे पाडायची, आत कॅमेरा आणि दिवा बसवायचा, समोर पडदा ठेवायचा आणि छिद्रांतून खरी अवजारे घालून काम करायचे. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात विकसित झालेल्या अशाच कसोट्यांवर अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या संघटनेने प्राथमिक कौशल्यांचा एक कार्यक्रम उभा केला. त्यात पाच कामे असतात: खुंट्यांवरील सहा छोट्या वस्तू एका चिमट्यातून हवेतच दुसऱ्या चिमट्यात देऊन पलीकडच्या खुंट्यांवर ठेवणे आणि परत आणणे, जाळीच्या कापडावर काढलेले वर्तुळ रेषेवरून कापणे, तयार फास नेमक्या खुणेवर आवळणे, पोटाबाहेर गाठ बांधून ती आत सरकवणे आणि पोटाच्या आतच टाका घालून गाठ मारणे.

पहिल्या कामासाठी पाच मिनिटांची कमाल मर्यादा आहे. निपुणतेचे ठरवलेले लक्ष्य मात्र ४८ सेकंद आहे आणि ते एकदा गाठून भागत नाही. पुनःपुन्हा गाठावे लागते. पहिल्यांदा पेटीसमोर उभा राहिलेला हुशार विद्यार्थी त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो, वस्तू पाडतो आणि घामाघूम होतो. काही आठवड्यांनी तोच विद्यार्थी लक्ष्य गाठतो. या दोन दिवसांच्या मधल्या सगळ्या चुका पेटीत झालेल्या असतात आणि त्यांमुळे कोणालाही इजा झालेली नसते. या कार्यक्रमाचे प्रमाणपत्र २००९-१० पासून अमेरिकेत शल्यविद्येच्या अंतिम मान्यतेसाठी आवश्यक ठरले. आपल्याकडे एम. एस. पदवीसाठी अशी देशव्यापी, मोजमाप असलेली कसोटी नाही. आपण निवासी डॉक्टरच्या नोंदवहीत शस्त्रक्रियांची संख्या लिहितो. संख्या म्हणजे तो किती वेळा उपस्थित होता याची नोंद. तो किती शिकला, हे त्यातून कळत नाही.

पेटीतले कौशल्य खऱ्या शस्त्रक्रियेत उतरते का, ही शंका रास्त आहे. या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला प्रयोग येल विद्यापीठात झाला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ निवासी डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाने संगणकीय आभासी यंत्रावर निपुणतेची ठरलेली पातळी गाठेपर्यंत सराव केला, दुसऱ्याने नेहमीचे प्रशिक्षण घेतले. मग दोन्ही गटांच्या खऱ्या शस्त्रक्रियांचे चित्रीकरण, कोण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी तपासले. सराव केलेला गट पित्ताशय यकृतापासून २९ टक्के कमी वेळात सोडवत होता. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. प्रयोग लहान होता, पण त्याचे उत्तर स्पष्ट होते.

दुसरा प्रयोग टोरांटोचा, २००६ सालचा. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचे तेच चार पाठ ३८ निवासी डॉक्टरांपैकी काहींना एकाच दिवसात दिले, इतरांना आठवड्याला एक असे चार आठवड्यांत. महिन्याभराने परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याआड शिकलेले सरस ठरले. शाळेतल्या पाढ्यांचा अनुभवही हाच आहे. आपल्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण बरेचदा दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळांतून होते. फी भरली जाते, भिंतीवर प्रमाणपत्र लागते. या कार्यशाळा निरुपयोगी नाहीत. पण दोन दिवसांत मिळालेले कौशल्य सरावाविना टिकत नाही, आणि घरी परतल्यावर सराव कशावर करायचा हा प्रश्न तसाच उरतो.

आपल्या देशाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नावच ‘योग्यासूत्रीय’ आहे आणि तेथे योग्या म्हणजे सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. शिरा वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा वस्त्रांवर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधण्याचा बाहुल्यांच्या अवयवांवर, अशी यादीच त्यात आहे. शास्त्र उत्तम जाणणाराही सरावाशिवाय प्रत्यक्ष कर्माला पात्र ठरत नाही, असा त्या अध्यायाचा आशय आहे. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. सुश्रुताचे नाव आपण सभागृहांना देतो, त्याचे पुतळे उभारतो, आणि त्याच्या ग्रंथातील हा सर्वांत व्यवहारी अध्याय मात्र पाळत नाही, एवढेच सांगायचे आहे.

भारतातील या शाखेचा इतिहासही उत्साह वाढवणारा आहे. डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. ती एका सरकारी रुग्णालयात झाली, हे विसरता कामा नये. ज्याचे घर हातावरच्या पोटावर चालते, त्याला लवकर कामावर परतण्याची गरज श्रीमंतापेक्षा अधिक असते. म्हणून ही शस्त्रक्रिया गरिबांसाठी चैनीची गोष्ट नाही. पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचवताना नवशिकेपणाचा धोकाही त्यांच्याच वाट्याला जाऊ नये, ही जबाबदारी त्याच विचारातून येते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप ज्येष्ठांचा: ‘आम्ही पेटीविना शिकलो, काय बिघडले?’ काय बिघडले हे वर दिलेल्या आकड्यांत आहे. ज्यांचे बिघडले ते रुग्ण हा प्रश्न ऐकायला समोर नसतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेटीत खुंट्या हलवणे म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. हे खरे आहे. पित्तनलिकेच्या २५२ इजांचे विश्लेषण २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यातील ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण हाताचे अकौशल्य नव्हते, तर दृष्टिभ्रम होता. शल्यचिकित्सकाने मुख्य पित्तनलिका पाहिली आणि ती पित्ताशयाची नळी आहे असे त्याला मनापासून वाटले. मग पेटीचा उपयोग काय? माझे उत्तर असे की पेटी मनाला मोकळे करते. ज्याचे सारे लक्ष ‘माझा चिमटा कोठे आहे’ यातच गुंतले आहे, त्याला ‘मी पाहतो आहे ती नळी नेमकी कोणती’ असा संशय घ्यायला सवड मिळत नाही. हात सवयीने चालू लागले की डोळे आणि बुद्धी शरीररचनेकडे वळतात. मात्र डोळ्यांचे शिक्षण वेगळे द्यावेच लागते. त्यासाठी १९९५ पासून एक कसोटी प्रचलित आहे. पित्ताशय आणि यकृत यांमधला त्रिकोण चरबी व तंतूंपासून साफ करावा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा, आणि पित्ताशयात दोन आणि दोनच नळ्या शिरताना दिसल्याखेरीज काहीही कापू नये. प्रत्येक शस्त्रक्रियेचे चित्रीकरण आपोआप होऊ शकते. दर आठवड्याला एक चित्रफीत सर्वांनी मिळून पाहिली आणि ‘येथे कापाल का?’ असे विचारत गेले, तर हे शिक्षण जवळजवळ फुकट होते.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. महागडी आभासी यंत्रे प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाहीत, हे मान्य. पण पेटीला तेवढा खर्च येत नाही. प्लास्टिकचा खोका, जुना मोबाइल किंवा वेबकॅम, एलईडी दिवा आणि वापरातून काढून टाकलेली अवजारे यांतून ती वसतिगृहाच्या खोलीतही उभी राहते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या निकषांनुसार वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा असणे बंधनकारक आहेच. प्रश्न असा की ती किती तास उघडी असते आणि तेथे कोण शिकवते. छत्तीस तासांची पाळी करून आलेल्या निवासी डॉक्टरला ‘वेळ काढून सराव कर’ असे सांगणे म्हणजे सराव न करण्याची परवानगी देणे होय. सरावाचा तास कामाच्या वेळापत्रकात असला पाहिजे आणि त्या तासात त्याला कक्षातून कोणी बोलावता कामा नये.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत. शल्यविद्येच्या प्रत्येक पदव्युत्तर विभागात चोवीस तास खुली अशी सराव-पेटी असावी. आठवड्यातून किमान एक राखीव तास आणि त्या तासाला चूक दाखवणारा शिक्षक असावा. ठरावीक निपुणता गाठल्याची नोंद झाल्याखेरीज रुग्णावर अवजार चालवण्याची मुभा नसावी. ही अट सर्व राज्यांत, सरकारी आणि खासगी अशा दोन्ही महाविद्यालयांत सारखीच असावी. आणि संमतिपत्र घेताना, शस्त्रक्रियेत शिकाऊ डॉक्टर सहभागी असतील, त्यांनी आवश्यक कसोटी पार केलेली आहे आणि वरिष्ठ पूर्ण वेळ हजर राहतील, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले जावे. तिसरी अट पुरी झाली असेल तर चौथे वाक्य उच्चारताना कोणत्याही डॉक्टरला संकोच वाटणार नाही.

यंत्रमानव येतील, दूरस्थ शस्त्रक्रिया वाढतील. पण जिल्हा रुग्णालयात पित्ताच्या खड्यांनी कळवळणाऱ्या माणसासमोर पुढील अनेक वर्षे एक तरुण डॉक्टर आणि दोन लांब अवजारेच असणार आहेत. हे वाचणाऱ्यांत वैद्यकीय विद्यार्थी असतील, तर त्यांनी नियमाची वाट पाहू नये. या आठवड्यात एक खोका मिळवावा, त्याला दोन छिद्रे पाडावीत आणि साबुदाण्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकून पाहावेत. पहिल्या दिवशी बरेचसे दाणे बाहेर सांडतील. ते तेथेच सांडायला हवेत.